बदक घरी आणताना



वऱ्हाडात बदक हा घरचा पक्षी नाही. आपल्याकडे अंगणात कोंबडी असते, गोठ्यात बकरी असते. बदकांचा संसार बंगाल, आसाम आणि केरळ या पाण्याच्या मुलखांत. केरळच्या कुट्टनाडात भाताची कापणी झाली की ‘चारा’ आणि ‘चेंबल्ली’ या देशी बदकांचे मोठमोठे कळप सांडलेला दाणा टिपायला शेतात उतरवतात. आमच्या दर्यापूरला चंद्रभागा नदी आहे, पण वर्षातले कितीतरी महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू आणि गवतच जास्त. तरी बाजारात पिवळी पिल्ले दिसली की लेकरे हट्ट धरतात, आईबाप विरघळतात आणि खोक्यात घालून दोन पिल्ले घरी येतात. मग तिसऱ्या दिवशी कोणीतरी माझ्या फाटकाशी येऊन विचारते, “काकू, यायले खाऊ काय घालू?”

माझ्याकडे गेली चार वर्षे खाकी कॅम्पबेल जातीच्या तीन माद्या आहेत. त्यांच्यामुळे मला थोडेफार वाचावे लागले, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या आणि गल्लीत नकळत मी ‘बदकवाली काकू’ झाले. पहिल्यांदाच बदक आणणाऱ्या घरासाठी हा पाठ लिहीत आहे.

आणण्याआधी दोन गोष्टी मनाशी पक्क्या कराव्यात. बदक नीट सांभाळले तर आठ-दहा वर्षे जगते, म्हणजे आज दुसरीत असलेले लेकरू कॉलेजात जाईल तेव्हाही ते अंगणात असेल. दुसरी गोष्ट, बदक कळपाचा जीव आहे. एकटे पिल्लू कधीही आणू नये. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी दाखवून दिले की हंसवर्गातील पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिल्या काही तासांत जे हलताना पाहते, त्यालाच आपली आई समजून त्याच्या मागे चालते. पुढे 1973 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एकटे पिल्लू असेच मुलाच्या मागे लागते. आपल्याला ते गोड वाटते, पण मूल शाळेत गेले की ते दिवसभर ओरडत राहते आणि खात नाही. दोन असली तर एकमेकांना धरून राहतात.

शक्य असेल तर दोन्ही माद्या घ्याव्यात. लहानपणी नर-मादी ओळखणे कठीण. पाच-सहा आठवड्यांनी आवाज फुटतो तेव्हा कळते. जी मोठ्याने ‘क्वॅक क्वॅक’ करून गल्ली डोक्यावर घेते ती मादी. नराचा आवाज बसल्यासारखा घोगरा असतो, आणि मोठेपणी त्याच्या शेपटीवर वर वळलेली दोन-तीन पिसे येतात. अंड्यांसाठी नराची गरज नसते. एका नरामागे पाच-सहा माद्या असाव्यात. दोन माद्यांत एक नर ठेवला तर तो त्यांच्या मानेची पिसे उपटून काढतो.

पाणी

सर्वांत पहिला प्रश्न येतो तो तळ्याचा. “आमच्याकडे तलाव नाही, मग बदक कसे पाळायचे?” बदकाला पोहायला तळे लागतेच असे नाही. त्याला चोच आणि नाकपुड्या पूर्ण बुडतील इतके खोल पाणी मात्र लागतेच. मोठ्या बदकासाठी पाच-सहा इंच खोली पुरे. दाण्याचा घास घेतला की बदक पाण्याकडे धावते, घास ओला करून गिळते, नाकपुड्या धुते, डोळ्यांवर पाणी उडवते. उथळ ताटलीत पाणी ठेवले तर नाकपुड्या दाण्याच्या भुग्याने बुजतात, डोळ्यांभोवती खपल्या धरतात आणि लोक म्हणतात, बदकाला डोळे आले. म्हणून एक नियम कायम पाळावा: पाणी नाही तर दाणाही नाही. रात्री पाणी उचलायचे असेल तर दाणाही उचलावा.

पिल्लांचे तंत्र याच्या उलट आहे. आईखाली वाढणाऱ्या पिल्लाच्या लवीला आईच्या अंगावरचे तेल लागते. बदकाच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते, तिच्यातले तेल चोचीने पिसांना फासले म्हणून पाणी अंगात मुरत नाही. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आईचे हे तेल मिळालेले नसते आणि त्याची स्वतःची ग्रंथी अजून नीट चालत नसते. असे पिल्लू पाण्यात सोडले तर पाच-दहा मिनिटांत चिंब होते, गारठते आणि बादलीत असेल तर बुडून मरते. होय, बदकाचे पिल्लू बुडते! पहिले काही आठवडे प्यायला अरुंद भांडे, त्यात गोटे टाकलेले. अंघोळ घालायचीच असेल तर दुपारच्या उन्हात, घमेल्यात दोन बोटे कोमट पाणी आणि बाहेर चढायला आत-बाहेर एकेक वीट. आपण समोर बसून राहायचे, आणि नंतर पिल्लू पुसून उबेत ठेवायचे.

आता आपल्या भागाचे खास दुखणे. पूर्णेच्या खोऱ्यातला अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला मोठा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो, आणि दर्यापूर तालुका त्यातच येतो. बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. माणसे प्यायला धरणाचे नळाचे पाणी जपून ठेवतात आणि ‘वापरायचे पाणी’ म्हणून बोअरचे घेतात. बदक हे वापरायच्या पाण्याचे गिऱ्हाईक आहे असे सर्वांना वाटते, आणि इथेच पिल्ले जातात.

बदकाच्या डोळ्यांच्या वर रक्तातले जादा मीठ बाहेर टाकणारी ग्रंथी असते, आणि ते मीठ नाकावाटे थेंबाथेंबाने गळते. समुद्रपक्ष्यांत ती चांगली मोठी असते. पाळीव बदकात लहान असते, आणि खारे पाणी हळूहळू सवयीचे झाले तर थोडी वाढते. पण दोन-चार दिवसांच्या पिल्लात तिची पुरेशी तयारी झालेली नसते. त्याला बोअरचे खारे पाणी दिले तर तहान भागत नाही म्हणून ते अधिकच पिते, पातळ हगवण लागते, वाढ खुंटते आणि एक दिवस ते मान टाकते. आपण हवेला दोष देतो, बाजारवाल्याला दोष देतो. पिल्लांना नळाचेच पाणी द्यावे, म्हणजे घरातले माणूस जे पिते तेच.

मोठ्या बदकांच्या टबात बोअरचे पाणी वापरावेच लागत असेल तर आणखी एक बारकावा. उन्हाळ्यात आपल्या कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो तो सर्वांनी पाहिला आहे. पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. टबाचेही तसेच होते. सकाळी भरलेला टब दुपारी अर्धा झाला म्हणून वरून पाणी ओतले, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओतले, तर चार दिवसांत ते पाणी मूळ बोअरपेक्षाही खारट होते. त्यामुळे टबात भर घालू नये. तो पूर्ण रिकामा करावा, घासावा आणि नव्याने भरावा. प्यायचे पाणी तरीही वेगळे, नळाचे. टबात नळाचे पाणी असेल तर उपसलेले पाणी लिंबाच्या आळ्यात घालावे, झाड खुलते. खारे असेल तर बागेत नको. आपली काळी जमीन त्याने चिकट होऊन बसते, हे खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला मी सांगायला नको.

साचलेले, हिरवे, कुजके पाणी तर दारातही नको. उन्हाळ्यात अशा पाण्यात पाला किंवा मेलेला जीव सडला की बोटुलिझमचे विष तयार होते. बदकाची मान लुळी पडते, पाय जातात आणि शुद्ध असूनही ते हलू शकत नाही.

दाणा

गेल्या वर्षी पावसाळ्यात शेजारच्या गल्लीतला एक मुलगा टोपलीत पिल्लू घेऊन आला. अठरा-वीस दिवसांचे असेल. “काकू, हे उभंच नाही राहून राह्यलं.” पिल्लू डोळ्यांनी टवटवीत होते, भूक होती, पण गुडघ्यावर सरकत दाण्याकडे जात होते. घोट्याचा सांधा सुजलेला, पाय किंचित बाहेर वाकलेले. त्याचे भावंड मात्र अजून चालत होते. खायला काय देता, असे विचारले तर ज्वारीची कणी आणि भात. घरात जे चांगले होते ते त्या लोकांनी दिले होते, त्यात हयगय कुठेच नव्हती.

आम्ही दोघे ते दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी पाय चाचपले आणि सांगितले, ही मोडतोड नाही, नायसिनची कमतरता आहे. नायसिन म्हणजे बी-3 जीवनसत्त्व. बदकाच्या पिल्लाला ते कोंबडीच्या पिल्लाच्या जवळपास दुप्पट लागते, एक किलो खाद्यात सुमारे 55 मिलिग्रॅम. कोंबडीचे शरीर प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅनपासून थोडे नायसिन स्वतः बनवून घेते, बदकाला ते नीटसे जमत नाही. मक्यात आणि इतर धान्यांत नायसिन असते, पण ते बरेचसे अशा रूपात बांधलेले असते की पोटाला सुटत नाही. म्हणून कणीवर कोंबडीचे पिल्लू कसेबसे निभावते आणि बदकाचे पिल्लू पायांनी जाते.

हे ऐकताना मला माणसांचाच एक रोग आठवला. पेलाग्रा, ज्यात उन्हाला उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, हगवण लागते आणि डोके भ्रमते, तो याच जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी 1960 साली दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरीब माणसांतल्या पेलाग्राचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ज्वारी वाईट नव्हे. भाकरीबरोबर डाळ, शेंगदाण्याची चटणी, दूध, अंडे असेल तर काहीच बिघडत नाही. एकट्या ज्वारीवर जगावे लागणे हे दुखणे आहे, मग जगणारा माणूस असो की पाखरू.

डॉक्टरांनी औषध वजनाप्रमाणे पाण्यातून द्यायला सांगितले. मात्रा इथे लिहीत नाही, ती पिल्लू पाहूनच ठरवायची असते. खाण्यात पिल्लांचे स्टार्टर खाद्य आणि त्यात थोडी सुकी मासळी कुटून, मीठ नसलेली. चौथ्या-पाचव्या दिवशी ते उभे राहिले. डावा पाय थोडा वाकडा राहिला तो राहिलाच, कारण हाड एकदा वाकले की जीवनसत्त्वाने सरळ होत नाही. पिल्लू बसून खाताना दिसले की त्याच दिवशी धावावे, सोमवारची वाट पाहू नये.

खाद्याचे साधे गणित असे. पहिले आठ आठवडे सुमारे वीस टक्के प्रथिनांचे स्टार्टर. बदकाचे खाद्य आपल्याकडे मिळत नाही, कोंबडीचे मिळते. ते घेताना शक्यतो औषध न घातलेले मागावे आणि डॉक्टरांना पिशवीवरची चिठ्ठी दाखवावी. पुढे ग्रोअर, अंड्यावर आल्यावर लेअर खाद्य आणि शिंपल्यांचा चुरा. सोबत घोळ, शेवग्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या बारीक चिरून. गांडूळ आणि गोगलगाय बदक स्वतः शोधते, आणि पावसाळ्यात तर दाण्याकडे पाहतही नाही. पाव, बिस्किट, चिवडा, पापड हे लेकरे प्रेमाने घालतात. पावाने नुसते पोट भरते आणि चिवड्यातले मीठ वर सांगितलेल्या मिठात भर घालते.

आपल्या घरात सहज हाताशी असणाऱ्या दोन गोष्टींबद्दल मात्र कडक राहावे. पहिली सरकीची ढेप. म्हशीला चालते म्हणून बदकाला चालेल असे नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. गाई-म्हशींच्या पोटात त्याचा जोर बराच मरतो, पक्ष्यांना ते बाधते आणि अंड्यातला बलकही बेरंग होतो. दुसरी, बुरशी आलेले धान्य. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी, ओल लागलेला मका, वास मारणारी शेंगदाण्याची ढेप. 1960 साली इंग्लंडात एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी अचानक मेले. कारण सापडेना म्हणून त्या रोगाला ‘टर्की एक्स’ म्हणू लागले. बदकांची पिल्लेही मरत होती. शोध घेतला तेव्हा ब्राझीलहून आलेल्या बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीत विष सापडले, तेच अफ्लाटॉक्सिन. पाळीव पक्ष्यांत बदकाचे पिल्लू या विषाला फारच लवकर बळी पडते, इतके की पुढे विषाची परीक्षा करायला शास्त्रज्ञ बदकाची पिल्लेच वापरत. “माणसाले नाही चालत तं पाखरायले टाका” ही आपली सवय बदकाच्या बाबतीत जीवघेणी आहे. काळे दाणे धुतले, वाळवले, शिजवले तरी ते विष जात नाही. उकिरड्यात पुरावे.

ऊब, ऊन आणि रात्र

पहिल्या आठवड्यात पिल्लांना तीस-बत्तीस अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. थंडीत खोक्यावर साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावावा. एलईडी दिवा उजेड देतो, ऊब देत नाही, हे दुकानदारही विसरतात. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी आहे, कोपऱ्यात पांगून धापा टाकत असतील तर उकाडा आहे. थर्मामीटर नसेल तर एवढे पुरते. एप्रिल-मे मध्ये दर्यापूरला दिव्याची गरजच नसते. पारा पंचेचाळीसकडे जातो तेव्हा प्रश्न उलटा होतो. बदकाला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे आणि पाण्यात पाय-छाती बुडवणे एवढाच त्याचा उपाय. पत्र्याच्या खुराड्यात दुपारी बदक भाजून निघते. माझ्याकडे कडुलिंबाखाली पऱ्हाट्यांचा कूड आहे, त्यावर तरटाची पोती टाकून दर दोन तासांनी भिजवते. टब सावलीतच ठेवावा, उन्हातल्या टबाचे पाणी दुपारी हात घालवत नाही इतके तापते.

रात्री प्रत्येक बदकाला चारेक चौरस फूट जागा हवी. कोंबडीसारखी दांडी नको, बदक जमिनीवर बसते. खाली कोरडे कुटार, पण बुरशी नसलेले आणि रोज वरखाली केलेले. नुसत्या फरशीवर वावरले तर तळपायाला गाठी येतात. मुंगूस आणि मांजर यांच्यासाठी अर्ध्या इंचाची जाळी, आणि ती वीतभर जमिनीत गाडलेली, कारण मुंगूस उकरते. बदक उचलताना पायाला धरू नये. कोंबडीची सवय असलेले लोक तसेच उचलतात आणि पाय निखळतो. पंखांसकट अंगाला दोन्ही हातांनी कवेत घ्यावे. बहुतेक वेळा उचलायची गरजही नसते, मागून हलके हाकलले की ओळीने घरात जातात.

कपाशीवर फवारणी सुरू असेल त्या दिवसांत बदके बंद ठेवावीत. पंप धुतलेले डबक्यातले पाणी त्यांना लगेच सापडते.

लसीचे डॉक्टरांना आठवणीने विचारावे. बदकांच्या कॉलऱ्याची लस तीन-चार आठवड्यांच्या सुमाराला आणि बदकांच्या प्लेगची आठ ते बारा आठवड्यांत देतात. लहान कुपी सहसा मिळत नाही, तेव्हा दोन-तीन घरांनी मिळून मागवावी. आणि बर्ड फ्लू. भारतात कोंबड्यांत तो पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी 2006 मध्ये. त्या वेळी लाखो पक्षी मारावे लागले. बदक कधी कधी आजारी न दिसताही हा विषाणू बाळगते. म्हणून घरी कोंबड्या असतील तर बदके वेगळी ठेवावीत, रानबदके उतरतात त्या नदीकाठच्या डोहात पाळीव बदके सोडू नयेत, आणि एकाएकी पक्षी मरू लागले तर फेकून न देता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. लेकरांनी पिल्लाचा मुका घेऊ नये आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. साल्मोनेला निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही असू शकतो.

रानबदकाचा विषय निघालाच आहे तर सांगते. पूर्णाकाठी चोचीचे टोक पिवळे आणि कपाळाशी दोन लाल ठिपके असलेले बदक दिसते, त्याला आपल्याकडे फार सुंदर नाव आहे, हळदी-कुंकू बदक. त्याची पिल्ले कोणी पकडून विकायला आणली तर घेऊ नयेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा आहे.

पाच-सहा महिन्यांची झाली की माद्या अंड्यावर येतात. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये अडेल कॅम्पबेल या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलेली ही जात उत्तम निगेत वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देते. आमच्या अंगणात तेवढी होत नाहीत आणि उन्हाळ्यात तर हात आखडतो. अंडे कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठे, पासष्ट-सत्तर ग्रॅमचे. बदके बहुतेक अंडी सकाळी नवाच्या आत देतात आणि जागा पाहत नाहीत, चालता चालता चिखलातही टाकतात. म्हणून मी त्यांना नऊ वाजल्याशिवाय बाहेर सोडत नाही. अंडे घट्ट शिजवूनच खावे. नर नसेल तर त्यातून पिल्लू निघणार नाही. नर असला तरी खाकी कॅम्पबेल मादी क्वचितच अंड्यावर बसते, तेव्हा खुडूक कोंबडीखाली चार-पाच अंडी ठेवावीत. कोंबडीची पिल्ले एकविसाव्या दिवशी निघतात, बदकाची अठ्ठाविसाव्या. त्या कोंबडीला वरचा आठवडा बसते ठेवायचे तर दाणा-पाणी तिच्या तोंडाशी न्यावे लागते, आणि शेवटच्या दिवसांत अंड्यांवर रोज कोमट पाण्याचा हलका शिडकावा द्यावा लागतो.